पावसाळ्यातला टोमॅटो



मी कामगार संघटनेत काम करणारा मनुष्य. मी बोलावयास उभा राहिलो म्हणजे बोनस, कंत्राटी पद्धत, महागाई भत्ता यांपैकीच काहीतरी ऐकावे लागणार अशी लोकांची समजूत असते, आणि ती बहुधा खरी ठरते. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला आणि मी ‘टोमॅटो’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी फोनवर तीन वेळा खात्री करून घेतली. तिसऱ्या वेळी मी म्हटले, ‘टोमॅटोच. आणि तोही पावसाळ्यातला, घरी लावलेला.’ शाळेने मला आठवीत निरोप दिला. शेतकी महाविद्यालयाचे तोंड मी पाहिलेले नाही. जे वाचनालयात वाचले, वाडीवाल्यांना विचारले आणि गॅलरीत करून पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

आता हा उद्योग कामगार संघटनेच्या माणसाने का करावा? त्याचे मूळ महागाई भत्त्यात आहे. आपल्यापैकी अनेकांचा भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेला असतो. या निर्देशांकासाठी मुंबईने पूर्वी मोठी लढाई केली आहे. मुंबईचा आकडा महागाई कमी दाखवितो, ही कामगारांची तक्रार १९६३ साली इतकी वाढली की सरकारला डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि आकड्यात खोट आहे ही तक्रार समितीने खरी ठरविली. आज हा निर्देशांक सिमल्याचे श्रम कार्यालय काढते. २०१६ हे त्याचे पायाभूत वर्ष आहे. या आकड्याच्या टोपलीत तांदूळ, भाडे, औषध यांच्याबरोबर टोमॅटोही असतो.

२०२३ च्या जून महिन्यात हा निर्देशांक १३६.४ होता. जुलैत तो १३९.७ झाला. एका महिन्यात ३.३ अंक! त्या जुलैत टोमॅटो शंभर-दीडशेच्या घरात गेला आणि काही शहरांत दोनशेच्याही वर चढला, हे आपणांस आठवत असेल. आदल्या वर्षीच्या जुलैशी तुलना करता टोमॅटोची भाववाढ दोनशे टक्क्यांवर गेल्याचे सरकारी आकडेच सांगत होते. सरकारने सहकारी संस्थेमार्फत दिल्लीत गाड्यांवरून स्वस्त टोमॅटो विकावयास काढले. आता यातली गोम पाहा. जुलैचा आकडा जाहीर होतो ऑगस्टच्या अखेरीस. त्यावरून भत्ता निघतो त्यानंतर, आणि कित्येक कारखान्यांत तीन किंवा सहा महिन्यांची सरासरी काढून. म्हणजे जुलैतल्या आमटीचा भत्ता हातात पडतो तो टोमॅटो पुन्हा पंधरा-वीस रुपये झाल्यावर. वाळीवच्या एका गेट-मीटिंगमध्ये हे समजावून सांगत असता एक बाई म्हणाल्या, ‘दादा, हा हिशेब बरोबर आहे, पण आज रात्री भाजीत काय घालू?’ त्या प्रश्नाला माझ्याजवळच्या कोणत्याही करारात उत्तर नव्हते. कोकम घाला, चिंच घाला, असे मी म्हणालो. पण घरी आल्यावर गॅलरीकडे पाहू लागलो.

भुईगावकडच्या एका वृद्ध वाडीवाल्यांना मी विचारावयास गेलो. ते हसले. म्हणाले, ‘अरे भाऊ, आषाढात टोमॅटो? आमच्या वडिलांनी कधी लावला नाही, मी लावला नाही. आषाढात पडवळ लाव, शिराळी लाव, काकडी लाव. टोमॅटो दिवाळीचा.’ आणि त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. आपल्या पश्चिम पट्ट्यातली, अर्नाळ्यापासून खाली उतरणारी वाळूमिश्रित जमीन, वाडीतली बावखले आणि विहिरीवरचे रहाट, या सगळ्यांवर जी वसईची भाजी मुंबईच्या बाजारात नावाजली, तिचे वेळापत्रक पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे. पावसात मांडवावरचे वेल. पाऊस गेला की मग वांगी, टोमॅटो. ते वेळापत्रक कोणी पुस्तकात लिहून ठेवलेले नाही. रोपे मरताना पाहून ते ठरले आहे.

टोमॅटो हे मुळात आपल्या हवेचे झाडच नव्हे. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि इक्वादोरच्या बाजूस, अँडीज पर्वताच्या उतारांवर आणि त्याखालच्या कोरड्या किनाऱ्यावर वाढतात. मेक्सिकोत त्याची लागवड झाली, तेथल्या भाषेतून त्याचे नाव आले, स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. आपल्याकडे विदर्भात त्याला भेदरे म्हणतात, देशावर जुनी माणसे बेलवांगे म्हणत. वांग्याच्या नात्यातले आहे हे आपल्या माणसांनी शास्त्रज्ञांना न विचारता ओळखले होते. ते नाते पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवावे. तर अशा कोरड्या मुलखातल्या झाडाला आपण वसईच्या पावसात उभे करतो. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, रात्रीची उकाड्याची दमट हवा, आणि आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही. मग ते मेले तर नवल काय?

शिवाय पाऊसही आता पंचांग पाळीत नाही. २०२५ सालचे उदाहरण ताजे आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच वळिवाच्या सरी सुरू झाल्या, आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे वेधशाळेने जाहीर केले. नेहमीची तारीख ११ जून. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. १९१८ सालचा विक्रम मोडला. ज्यांनी मिरच्या, पापड, सुकी मासळी वाळत घातली होती त्यांचे हाल आपण पाहिलेच. मी त्याच वर्षी टोमॅटोची बारा रोपे वाढविली होती. सहा गॅलरीत आच्छादनाखाली ठेवली, आणि सहा मुद्दाम इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत आभाळाखाली. पाऊस नक्की काय करतो ते मला पाहावयाचे होते.

उघड्यावरच्या सहांपैकी एकही गणपतीपर्यंत राहिले नाही. परंतु ती सगळी एकाच कारणाने गेली नाहीत, आणि हेच महत्त्वाचे आहे. ‘पावसाने मेली’ असे म्हणणे म्हणजे कारखान्यातल्या प्रत्येक अपघाताला ‘दैवयोग’ म्हणण्यासारखे आहे. चौकशी केली पाहिजे.

दोन रोपांची खालची पाने आधी डागाळली. तपकिरी डाग, आणि डागात वर्तुळात वर्तुळ, जणू नेमबाजीची पाटी. हा करपा. त्याची बुरशी मातीत आणि जुन्या पाल्यात असते. पावसाचा थेंब जमिनीवर आपटला की मातीचे शिंतोडे पानाच्या खालच्या अंगाला उडतात आणि त्यांबरोबर रोग चढतो. पान जितका वेळ ओले राहील तितके त्याचे फावते. दुसरा एक करपा थंड आणि ओल्या हवेत येतो. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक ज्याने बुडविले आणि लाखो माणसे उपाशी मारली तो हाच. आपल्या किनाऱ्याच्या उकाड्यात त्याचा जोर कमी, घाटावर अधिक.

उरलेल्या चारांपैकी तीन रोपे मात्र पाहण्यासारखी मेली. सकाळी हिरवीगार, दुपारी माना टाकलेल्या, संध्याकाळी पुन्हा थोडी सावरलेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उभीच्या उभी कोमेजली, आणि पान तोवर पिवळेसुद्धा झाले नव्हते. घरात सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, पाणी घाला, सुकलंय.’ पाण्यात उभे असलेले झाड सुकते कसे? याचा एक सोपा पंचनामा आहे. रोपाचा बुंधा कापावा, त्याचा दोन-तीन इंचांचा तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लटकता धरावा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला, तर समजावे की हा जिवाणूंचा मर रोग आहे. जिवाणू मुळांतून शिरतात आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच तुंबवितात. वर पाणी पोचत नाही. माझ्या तिन्ही पेल्यांत धागा उतरला. गरम, ओली, आम्लधर्मी माती या रोगाला मानवते, म्हणजे कोकण त्याला माहेरासारखे. औषध फवारून तो जात नाही, आणि मातीत वर्षानुवर्षे राहतो. ज्या मातीत हा दिसला तीत टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा पुन्हा लावू नयेत. ती माती दुसऱ्या कुंडीत वाटून रोगाचा प्रसारही करू नये.

सहावे रोप काही रोगाने गेले नाही. त्याच्या मुळांशी पाणी साचले आणि ते गुदमरले. मुळांना हवा लागते, ही गोष्ट आपण विसरतो. भोके बुजलेली कुंडी आणि बुजविलेल्या खाड्या-नाल्यांचे शहर यांत मला फारसा फरक वाटत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारच्या दरम्यान रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, मिठागरांत कामगार अडकून पडले. पाऊस मोठा होता हे खरे, पण पाण्याला जावयास वाट कोठे होती? हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून हेच ओरडून सांगत होते. असो. विषय टोमॅटोचा आहे.

उपायांत सर्वांत मोठा उपाय मला एका पुस्तिकेत सापडला आणि तो ऐकून वाडीवाले बाबासुद्धा खुर्चीत पुढे सरसावले. टोमॅटोचे कलम वांग्यावर करावयाचे. आंब्याचे कलम आपण पिढ्यानपिढ्या बांधतो. भाजीचे कलम हा विचार आपल्याला सुचत नाही. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला संशोधन केंद्राने उष्ण आणि ओल्या हंगामासाठी ही पद्धत रूढ केली, आणि आपल्याकडे वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने तिच्यावर बरेच काम केले आहे. योग्य जातीच्या वांग्याची मुळे मर रोगाला दाद देत नाहीत आणि दोन-तीन दिवस पाण्यात बुडाली तरी तग धरतात. वर फळ टोमॅटोचेच लागते. राबायचे एकाने आणि फळावर नाव दुसऱ्याचे, ही व्यवस्था आमच्या कंत्राटी कामगारांना अपरिचित नाही. पण झाडाच्या बाबतीत ती वांग्याला खुपत असल्याचे दिसत नाही.

कृती अवघड नाही, मात्र हात हलका पाहिजे. वांग्याचे बी टोमॅटोच्या आधी चार-पाच दिवस पेरावे, कारण ते सावकाश वाढते. दोन्ही रोपांचे दांडे सारख्या जाडीचे, म्हणजे साधारण काडेपेटीतल्या काडीएवढे झाले की नव्या पात्याने दोन्ही तिरके कापावे. वांग्याचा खालचा भाग, टोमॅटोचा वरचा भाग, तिरक्या कापावर तिरका काप, आणि सांध्याभोवती बारीक रबरी नळीचा उभा चिरलेला तुकडा. नंतर सहा-सात दिवस सावलीत, झाकलेल्या दमट जागी ठेवावे आणि हळूहळू उजेडात आणावे. लावताना सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे. तो पुरला तर टोमॅटो स्वतःची मुळे सोडतो आणि सगळे मुसळ केरात. सांध्याखाली वांग्याची फूट आली तर खुडावी. माझी पहिली दहा कलमे बांधली तेव्हा सहा जगली, आणि तीच सहा मी गॅलरीत ठेवली.

आच्छादन म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचे छप्पर, चारी बाजू मोकळ्या. बाजूही बंद केल्या की आत उकडते आणि ओल कोंडते. ते पावसापेक्षा वाईट. नैर्ऋत्येचा वारा लक्षात घेऊन उतार द्यावा आणि दोरी दोनदा तपासावी. छपराखाली एक विनोदी प्रसंग उद्भवतो. बाहेर धो धो पाऊस, आणि गॅलरीतले झाड तहानेने कोमेजलेले. पावसाळा आहे म्हणून पाणी घालावयाचे कोणाच्या ध्यानात येत नाही. छपराच्या कडेला बादली लावावी आणि तेच पाणी थोडे थोडे, रोज घालावे. एक दिवस कोरडे, एक दिवस तुडुंब असे झाले की फळाचे बूड काळे पडते किंवा फळ तडकते. कुंडीखाली ताटली नको. विटांवर उंच ठेवावी. ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि मग टोमॅटोपेक्षा डॉक्टर महाग पडतो.

माती म्हणाल तर लाल माती, जुने शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा. समुद्राची वाळू फुकट मिळते, पण ती खारी असते; घालू नये. मातीवर पेंढ्याचा थर द्यावा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, आणि खालची वीतभर पाने काढून टाकावी. खताचा मारा करू नये, नाहीतर पाला माजतो आणि फळ रुसते.

येथे मला एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगावयाची आहे. आपल्या पूर्वेकडच्या औद्योगिक पट्ट्यातून निळी प्लॅस्टिकची पिंपे भंगारात येतात आणि ‘कुंडीला छान’ म्हणून स्वस्तात विकली जातात. त्या पिंपांत काय होते हे भरणाऱ्या कामगाराला बहुधा माहीत नसते, विकणाऱ्याला तर नसतेच. मी हातांची सालटी गेलेली माणसे पाहिली आहेत. खाण्याची वस्तू त्या पिंपात लावू नका. धुऊनसुद्धा नको. तेलाचा डबा, पिठाची गोणी, काहीही चालेल.

फुले आली तरी फळ धरेलच असे नाही. रात्री फार उष्ण असल्या म्हणजे मोठ्या जातींचे फूल गळते, आणि दमट हवेत परागाचे गोळे होतात. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात बोराएवढ्या फळाची जात घ्यावी. ती उकाड्यात अधिक धरते. टोमॅटोच्या फुलाला परका पराग लागत नाही, नुसता हादरा लागतो. एरवी तो वारा आणि भुंगा देतो. सकाळी दहाच्या सुमारास, उघडीप असेल तेव्हा, फुलांच्या देठावर बोटाने टिचकी मारावी. शेजारच्या आजी मला विचारीत, ‘रोज झाडाला कसली टिचकी मारतोस रे?’ फळाला रंग फुटू लागला की तोडून घरात ठेवावे. ते घरात चांगले पिकते, आणि झाडावर तडकण्याचे वाचते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, चव जाते.

गणपतीत पहिली फळे मिळाली. दसऱ्यापर्यंत सहा झाडांची मिळून पाच किलो भरली. वजनकाटा पाहून घरातून प्रश्न आला, ‘अहो, हा किलो कितीला पडला?’ आता हिशेब हा माझा प्रांत. बांबू, प्लॅस्टिक, पिशव्या, खत मिळून सातशे रुपये. रोज अर्धा तास असे शंभर दिवस, म्हणजे पन्नास तास, म्हणजे आठ तासांच्या सव्वासहा पाळ्या. टोमॅटो दोनशे रुपये किलो धरला, आजवर मी पाहिलेल्या सर्वांत वाईट महागाईचा भाव, तरी पाच किलोंचे हजार रुपये. सातशे वजा जाता तीनशे. तीनशे भागिले सव्वासहा. पाळीमागे अठ्ठेचाळीस रुपये! एवढ्या मजुरीवर कोणी माझ्या सभासदांना राबविले असते तर त्याच दिवशी गेटवर लाल झेंडा लागला असता.

आणि हे दोनशेच्या भावाने. २०२३ च्याच मे महिन्यात, म्हणजे त्या महागाईच्या दोनच महिने आधी, नाशिककडे टोमॅटोला गाडीभाडेही सुटेल असा भाव नव्हता आणि शेतकऱ्यांनी माल ओतून दिला होता. त्या उन्हाळ्यात हात पोळल्यामुळे पुढची लावणी ज्यांनी टाळली, त्यांचाच माल जुलैत नव्हता. पाऊस, रोग आणि मर यांची भर वेगळी. जुलैत आपल्या ताटात येणारा टोमॅटो नारायणगाव, संगमनेर किंवा त्याहून दूर कोलार, मदनपल्लीहून येतो. तो पिकविणाऱ्याला महागाई भत्ता नाही, हजेरीपट नाही. आमच्या सभांत ‘भाज्या स्वस्त करा’ अशी घोषणा असते. ती मीही दिली आहे आणि पुढेही देईन, कारण कामगाराचे पोट खोटे नाही. पण त्या पाळीमागच्या अठ्ठेचाळीस रुपयांनंतर मी तिला जोडून दुसरी घोषणा देऊ लागलो आहे, मालाला किमान भावाची. एका सभेत एका तरुणाने विचारले, ‘कॉम्रेड, दोन्ही एकदम कशा मिळणार?’ प्रश्न रास्त आहे. शेतात दोन रुपयांना गेलेला आणि आपल्या नाक्यावर वीस रुपयांना मिळणारा टोमॅटो, या दोघांच्या मधले अठरा रुपये कोठे गेले, याचा हिशेब मागण्यापासून आरंभ करावा असे मी त्याला सांगितले. त्यावर चर्चा रात्री अकरापर्यंत चालली.

तर ज्यांना पैसे वाचवावयाचे आहेत त्यांनी गॅलरीत टोमॅटो लावू नये. कोकम लावलेली आमटी उत्तम होते. ज्यांना तरीही लावावयाचा आहे त्यांच्यासाठी मी आजच्या सभेत बियांच्या पुड्या आणल्या आहेत. माझ्याच झाडांच्या आहेत, संकरित नाहीत, म्हणून पुढल्या वर्षी तुम्हांलाही बी धरता येईल. गर दोन दिवस आंबवून धुवावा आणि बी सावलीत वाळवावे. प्रत्येक पुडीबरोबर वांग्याच्या बियांची एक लहान पुडी आहे. ती आधी पेरायची, या आठवड्यातच. टोमॅटोची पुढच्या आठवड्यात. पुड्या चाळीसच आहेत, तेव्हा एका घरी एक. गॅलरी पडकी असेल तर ओल्या मातीचे वजन आधी लक्षात घ्या, आणि कठड्यावर कुंडी ठेवू नका. खालून माणसे जातात.